ताटातल्या चार फांद्या

वनस्पतिकोशाच्या कचेरीत कामाची वाटणी झाली तेव्हा उंच वृक्ष वरिष्ठांनी उचलले, फुलझाडं वशिल्याच्या माणसांनी उचलली, आणि औषधी वनस्पती तर वाटणी जाहीर व्हायच्या आधीच गेल्या होत्या. मागे उरलं ते काकांच्या पदरात पडलं. खुरटी झुडपं, काटवनं, रेताड माळावरची गुडघ्याएवढी चिवट रोपटी. चालता चालता ज्यांच्याकडे कुणी वळूनही बघत नाही अशी सगळी जमात. कचेरीने त्यांचं नाव झुडपेकाका ठेवलं आणि ते असं चिकटलं की पगाराचा दिवस सोडला तर खरं नाव कुणाच्या तोंडी येईना. 'ओसाड गावी एरंड बळी' असंही लोक मागून म्हणायचे. काकांना ते ऐकू यायचं. म्हणेनात का, असं त्यांचं मत. वृक्ष काय, अंधारातही धडकून कळतो. झुडूप ओळखायचं तर बघावं लागतं.

आणि बघायचे ते, अगदी डोळ्यांत तेल घालून. झुडपी रान म्हणजे काय आणि काटवन म्हणजे काय, तुम्हाआम्हाला सगळं एकच. काकांना नाही. झुडपी रानातून बकरी आरपार जाते, काटवनाला ती वळसा घालते, इथून त्यांची सुरुवात व्हायची. मग उपक्षुप. खाली लाकूड, वर कोवळी हिरवी काडी. वरचं दरवर्षी वाळून जातं, खालचं राहतं. त्याला झुडूप म्हणायचं की रोप, यावर त्यांनी एकदा अख्खी बैठक उधळली होती. आणि हीथ. वारा झोडपतो, माती निकस, तिथे बारीक पानांची बुटकी झुडपं एकमेकांना धरून माळभर पसरतात. त्या माळालाही हीथ म्हणतात आणि त्या झुडपालाही. शब्द बाहेरचा, पण काकांनी त्याला घरजावई करून घेतला होता.

आता या कचेरीची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. नुसता अर्थ लिहून चालत नसे. त्याची चाचणी व्हायची. ज्याला झाडातलं ओ की ठो कळत नाही असं माणूस बसवायचं, त्याच्यापुढे ताटात चार फांद्या ठेवायच्या, एक खरी आणि तीन तिच्यासारख्या दिसणाऱ्या. रानाचा शब्द असेल तर फांद्यांऐवजी चार फोटो. मग अर्थ वाचून दाखवायचा. माणसाने बरोबर फांदी उचलली तर अर्थ पास, नाहीतर पुन्हा लिहा. पास झालेल्या अर्थाखाली लिहिणाऱ्याचं नाव, आणि त्याखाली बारीक अक्षरात चाचणीवाल्याचं.

बाकीचे लोक शिपायाला बसवायचे, हिशेबाच्या कारकुनाला बसवायचे. झुडपेकाका बसवायचे काकूंना, घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. वर्षानुवर्षं काकूच. एवढी वर्षं एकच माणूस चाचणीला बसवलं तर चाचणी कसली राहिली, हे शेंबड्या पोराला कळावं. पण काकांना सांगणार कोण? नाकावर माशी बसू देतील तर शपथ. संपादकबाईंनी एकदा अगदी गोड बोलून विचारलं होतं की काकू आता झाडं ओळखायला लागल्या असतील, नाही? काका म्हणाले, तिला गवत आणि कांद्याची पात यांतला फरक कळत नाही. हशा पिकला आणि विषय संपला.

काकू कधी चुकल्या नाहीत. इतरांचे अर्थ दोनदोनदा, तीनतीनदा परत यायचे. काकांचा एकही आला नाही. काका कॉलर ताठ करून हिंडायचे. म्हणायचे, लिहिणारा लिहितो तसं ऐकणाऱ्याला दिसलं पाहिजे, आमच्याकडे दिसतं.

मग काकू गेल्या.

आजार फार दिवसांचा नव्हता, पण काकांना तो कळायलाच बरेच दिवस लागले. नंतर घरात बाई नाही म्हणजे काय ते त्यांना चहाच्या साखरेपासून कळायला लागलं. डबे सगळे एकसारखे, आणि कशात काय आहे हे लिहून ठेवायची काकूंना कधी गरज पडली नव्हती. गावोगावच्या झुडपांना नावं लावलेला हा माणूस स्वतःच्या घरातला साखरेचा डबा शोधत उभा असायचा. लेक कुरिअरच्या ऑफिसात कामाला होती, दुसऱ्या गावी. ती रजा टाकून आली आणि राहिली.

कोश छपाईला चालला होता. संपादकबाई भेटायला आल्या, खुर्चीच्या टोकावर बसल्या, पाणी प्यायल्या, आणि मग चाचरत चाचरत नियम सांगितला. छपाईआधी चाचणीवाल्याची पुन्हा सही लागते. माणूसच हयात नसेल तर फेरचाचणी, नव्या माणसाकडून. फेरचाचणीत अर्थ पास झाला तर जुनं नाव राहील, जोडीला नवं येईल. नापास झाला तर अर्थ नव्याने लिहायचा, आणि जुनं नाव काढून टाकायचं. नियम मी केलेला नाही, काका, असं बाई दोनदा म्हणाल्या.

काकांनी हात झटकले. करा की फेरचाचणी, भिऊ कुणाला? खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं. काकूंचं नाव कुठे छापून आलं नव्हतं. घराच्या पाटीवर नाही, लेकीच्या शाळेच्या दाखल्यावर नाही, कुठेच नाही. या कोशात ते पानोपानी येणार होतं, बारीक का होईना, काकांच्या नावाखाली. जिवंतपणी त्यांनी बायकोला काही फार दिलं नव्हतं, आणि ते त्यांना आता रोज टोचत होतं. एवढं तरी देता येईल असं त्यांना वाटलं.

लेक चाचणीला बसली. तिलाही झाडांतलं काही कळत नव्हतं. बापाच्या धाकाने तिने लहानपणापासून झाडांशी उभा दावा मांडला होता. पहिला शब्द काटवन. काकांनी खणखणीत आवाजात अर्थ वाचला. 'सकंटक क्षुपांचा अभेद्य व निबिड समूह' आणि पुढे आणखी बरंच. लेकीने मान खाली घालून नीट ऐकलं, चारही फोटो निरखले आणि कुंपणाचा फोटो उचलला.

काका म्हणाले, लक्ष नाही तुझं. पुन्हा वाचलं. तिने दुसरा उचलला, तोही चूक. उपक्षुपाला तेच झालं, हीथला तेच. तीन दुपारी असं चाललं. काकांचा पारा चढत गेला. शेवटी ते नको ते बोलून गेले. आईच्या पासंगालाही पुरणार नाहीस म्हणाले. ती चौथी शिकलेली बाई, एका ऐकण्यात ओळखायची, आणि तू पदव्या घेऊन बसलीस. पालथ्या घड्यावर पाणी.

लेक उठली, आत गेली, आणि येताना कापूस घेऊन आली. त्याचे दोन बोळे करून कानात घातले, वर तळवे दाबले आणि म्हणाली, "आता वाचा."

हा काय पोरखेळ, असं काका ओरडले, पण तिला ते ऐकू आलं नाही. तिची नजर त्यांच्या तोंडावर होती. चिडून त्यांनी वाचायला सुरुवात केली. अर्थ संपला तसा लेकीने उजवा हात खाली आणला आणि उपक्षुपाची फांदी उचलली. बरोबर. काकांनी फांद्यांची जागा बदलली, मुद्दाम पुढचं पान उघडलं, भरभर वाचलं. पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदा बरोबर. चौथ्यांदा तर वाचून व्हायच्या आधीच.

तिने कापूस काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही ज्या फांदीचं वाचता, तिच्याकडे बघता, बाबा," ती म्हणाली. "देठ आला की देठाकडे, पान आलं की पानाकडे. आई फांद्या बघायचीच नाही. तुमच्याकडे बघत बसायची."

काका खाली बसले. तुला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. आईनेच, लेक म्हणाली. ती लहान असताना टेबलाखाली खेळत असायची, तेव्हा काकूंनी तिला हळूच दाखवलं होतं, बघ, बाबांचे डोळे कुठे जातात बघ, गंमत आहे की नाही? बाबांना सांगायचं नाही मात्र. लेकीने नाही सांगितलं. काका तसं बोलले नसते तर आजही सांगणार नव्हती.

म्हणजे ती मला इतकी वर्षं फसवत होती, असं काका म्हणाले. आणि मग मात्र लेकीचा बांध फुटला. तिने काढलं ते आईकडून ऐकलेलं जुनं सगळं काढलं. लग्नानंतरच्या पहिल्याच चाचणीत काकूंनी चुकीची फांदी उचलली होती, आणि भोळेपणाने सांगितलं होतं की अहो, मला यातलं काही कळलं नाही, जरा साधं लिहा ना. काकांनी ताट सरकवून दिलं होतं. त्यानंतर कित्येक दिवस अबोला. बाहेर जेवून यायचे, आल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपायचे. नव्या नवरीने, परक्या घरात, काय काय सोसलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक. पुढच्या खेपेला ताट समोर आलं तेव्हा तिने फांद्यांकडे बघणं सोडून दिलं.

"अर्थ चुकलाय असं ती सांगत होती," लेक म्हणाली. "तुम्ही म्हणालात, बाई चुकली."

काकांना तो अबोला आठवत नव्हता. त्यांनी फार प्रयत्न केला. दुसऱ्याच्या काळजावर चरा उमटवून माणूस खुशाल विसरून जातो, ही जगाची रीतच आहे मेली. पण आपण तसं केलं नसेल, असं त्यांना छाती ठोकून म्हणता येईना. ते उठून गॅलरीत गेले आणि रस्त्याकडे बघत उभे राहिले. खाली लोक भाजीच्या पिशव्या घेऊन घरी चालले होते. काकांना रडू आलं, आणि आलेलं रडू त्यांनी पहिल्यांदाच येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची फिरवली. भिंतीकडे तोंड, लेकीकडे पाठ. असा अर्थ वाचायचा. लेक चुकली की निमूटपणे नव्याने लिहायचं. सकंटक गेलं, निबिड गेलं. काटवनाचा अर्थ झाला, 'इतकी दाट काटेरी झुडपं की बकरीसुद्धा वळसा घालते', आणि लेकीने पहिल्या फटक्यात फोटो उचलला. इतकी वर्षं हेच वाक्य ते तोंडाने सांगत होते. कागदावर ठेवायला त्यांना लाज वाटली होती. साधं लिहा ना, एवढंच तर मागितलं होतं तिने.

अर्थ सुधारत गेले, आणि दर सुधारलेल्या अर्थामागे काकूंचं नाव एकेका पानावरून जात राहिलं. खोडायचं काम काका स्वतः करायचे. लेक म्हणाली, मी खोडते, तर नाही म्हणाले. पेन्सिलीने हलकीच रेघ मारायचे, जशी काही ती पुन्हा पुसता येणार होती. जुना अर्थ तसाच्या तसा पास व्हावा, एक तरी व्हावा, म्हणून ते मनातून देव पाण्यात घालून बसलेले असायचे. एकही झाला नाही. कसा होणार? ते अर्थ कुणाला कळावेत म्हणून लिहिलेच नव्हते.

शेवटी एक शब्द राहिला. हीथपर्णी. म्हणजे हीथ नव्हे; भलत्याच कुळातलं झुडूप, पण पान हीथसारखं. बारीक, सुईसारखं, कडा खाली वळून पाठ झाकून घेणारं. वाऱ्यात सुकून जाऊ नये म्हणून ते पान स्वतःला असं मिटून घेतं. हा शब्द राहिला होता कारण काका तो रोज मागे टाकत होते, आणि का ते लेकीला ठाऊक होतं.

त्याची चाचणी इस्पितळात झाली होती. काकूंची वाचा गेली होती, मान वळवायचीही ताकद नव्हती, आणि हा गृहस्थ ताट घेऊन खाटेशी गेला. नर्स रागावली, तर तिला म्हणाले, एकच शब्द राहिलाय, हिलाही बरं वाटेल. लेक अजून गावाहून पोचायची होती. काकांनी ताट पांघरुणावर ठेवलं, अर्थ वाचला. काकूंचा हात थरथरत उठला आणि बरोबर फांदीवर पडला. काका पोराटोरांसारखे बाहेर धावले. व्हरांड्यात दिसेल त्याला सांगत सुटले, पास झाली, या अवस्थेत पास झाली. औषधवाल्याला सांगितलं, लिफ्टवाल्याला सांगितलं. परत आले तेव्हा नर्स काकूंच्या अंगावरची चादर तोंडावर ओढत होती.

तर त्या दुपारी लेकीने चार फांद्या ताटात लावल्या. काका खुर्ची भिंतीकडे फिरवायला लागले, तेव्हा तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"हा एक राहू दे, बाबा," ती म्हणाली. "माझ्याकडे तोंड करून वाचा."

ती काय म्हणतेय ते काकांना कळलं, आणि आपल्याला कळलंय हे तिलाही कळलं. एका पानावर, एका शब्दाखाली, बारीक अक्षरात काकूंचं नाव राहील. कुणाचं काय जाणार होतं? हीथपर्णीचा अर्थ शोधायला कोश उघडणारं माणूस लाखात एखादं. काकांनी खुर्ची वळवली. इस्पितळात वाचलेला तोच कागद हातात घेतला.

त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि सवयीने डोळे फांदीकडे निघाले. डावीकडून तिसरी. तिथे पोचायच्या आधी त्यांनी ते ओढून वर आणले. आयुष्यभराची सवय, सहजासहजी येईनात, पण आणले, आणि समोर बसलेल्या माणसाकडे बघितलं.

लेक त्यांच्याकडे बघत होती. दूध कधी उतू जाईल म्हणून बाई पातेल्यावर नजर ठेवते तशी, पापणी न लववता. त्यांच्या डोळ्यांत ती काहीतरी शोधत होती, त्यांनी तिला मदत करावी म्हणून विनवत होती, आणि मिळत नव्हतं म्हणून तिचे डोळे भरून आले होते. ताटाच्या या बाजूला ते किती वर्षं बसले होते. समोर असं काही असतं हे त्यांना माहीत नव्हतं.

वाचता वाचता ते थांबले. कागद त्यांनी उलटा घालून ठेवला. फांदी उचलू नकोस म्हणाले, हा शब्द कोशात जाणार नाही, बाईंना मी सांगतो. नाव खोडणार नाही मी हे. लेकीने मान हलवली आणि ताटावर आलेला हात मागे घेतला.

"त्या दिवशी," काकांनी विचारलं, "ती माझ्याकडे अशीच बघत होती का गं?"

लेकीने डोळे पुसले.

"मला कसं माहीत असेल, बाबा? मी गाडीत होते. खोलीत तुम्हीच होतात."

काकांनी डोळे मिटले. त्या दिवशीच्या चारही फांद्या त्यांना लख्ख आठवत होत्या. पहिलीचं टोक वाळलेलं, दुसरीच्या एका पानाला किडीचं भोक, तिसरीची पानं पाठ झाकून मिटलेली, आणि तिच्यावर येऊन थांबलेली काकूंची बोटं. तिथून त्यांनी नजर वर न्यायचा प्रयत्न केला. मनगटापर्यंत गेली. त्याच्या पुढे त्यांना काही दिसेना.